तकली, कुलूप आणि रोबोट

यंदा २६ जानेवारीला माझ्या जुन्या शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. निवृत्त होऊन पंधराहून अधिक वर्षं झाली, पण अजून बोलावणं येतं. जिलेबी खाऊन निघणार, तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "सर, मुलांनी काही वस्तू केल्या आहेत, पाहून जा." हॉलमध्ये बाकं लावून प्रदर्शन मांडलं होतं. नेहमीचा ज्वालामुखी होता, पवनचक्की होती. एका कोपऱ्यात सातवीतली एक मुलगी जमिनीवर उकिडवी बसली होती. तिच्यासमोर वीतभर लांबीची एक गाडी धावत होती. भिंतीपाशी गेली की थांबायची, जरा मागे यायची, वळायची आणि पुन्हा निघायची.

मी तिला विचारलं, भिंत कशी कळते गं हिला? पुढच्या बाजूला दोन डोळ्यांसारखं काहीतरी लावलं होतं, ते दाखवून ती म्हणाली, "हे डोळे नाई आजोबा, कान आणि तोंड हाये. एकातून आवाज जाते, दुसऱ्यात वापस येते. वटवाघळासारखं." आवाज जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्याला आवाजाच्या वेगाने गुणायचं आणि दोनाने भागायचं, की अंतर मिळतं. अंतर वीस सेंटिमीटरपेक्षा कमी झालं तर मोटारीला उलटं फिरायला सांगायचं, हे तिने 'लिहिलं' होतं. दोनाने का भागायचं, असं मी मास्तरी सवयीने विचारलंच. "जाणं-येणं दोन्ही मोजल्या जाते ना!" असं म्हणून तिने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. मग ती गाडी उचलून माझ्यापुढे धरली.

"आजोबा, हात लावून पाहा ना. काई नाई होत."

मंडळी, त्या वाक्याने माझी झोप उडवली. अक्षरशः. त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो. याच शाळेत, याच हॉलच्या शेजारच्या खोलीत, मी किती वर्षं एकच वाक्य म्हणत आलो होतो... "हात लावू नका." शाळेचं आणि गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात दोष माझा आहे, शाळेचा नाही.

पण आधी थोडा इतिहास. शाळेत यंत्र आणण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. माझ्या पिढीच्या हातात शाळेने पहिलं यंत्र दिलं ते म्हणजे तकली. माझा जन्म १९५१ चा. तेव्हा आमचा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पाटी-पेन्सिलीबरोबर पिशवीत तकली आणि पेळू असायचे. कापसाचा जिल्हा, त्यामुळे कच्च्या मालाची वाण नव्हती. दुपारच्या तासाला सगळा वर्ग एका हाताने तकली गरकन फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने पेळू वर ओढायचा. माझं सूत दर हाताला तुटायचं. गुरुजी जोडून द्यायचे, पुन्हा तुटायचं.

ही तकली शाळेत आली ती शेजारच्या वर्ध्याहून. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षांचं मोफत व सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. हीच ती 'नई तालीम'. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ती प्रत्यक्ष चालवून दाखवली. मूळ कल्पना नुसतं सूत कातण्याची नव्हती. कापूस कुठून येतो इथे भूगोल, सूत किती निघालं इथे गणित, तकली का फिरते इथे विज्ञान, मँचेस्टरच्या गिरण्या आणि आमचे विणकर इथे इतिहास. हाताने करता करता डोकं चालावं, असा तो विचार.

आमच्यापर्यंत येईतो मात्र त्यातली नुसती तकली उरली होती. तकली का फिरते, हे मला कोणी सांगितलं नाही. दोष गुरुजींचाही नाही, त्यांनाही ते कोणी सांगितलं नव्हतं. साहेब तपासणीला आले की लड्या मोजायचे आणि जायचे. पुढे कधीतरी तकल्या कपाटात गेल्या आणि कपाटाला कुलूप लागलं. मंडळी, हे कुलूप लक्षात ठेवा.

मग कोठारी आयोग आला, १९६४ ते ६६. त्याने 'कार्यानुभव' हा शब्द दिला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवलं. मी तोवर बी.ए., बी.एड. होऊन नोकरीला लागलो होतो, मराठी आणि इतिहास शिकवत होतो. कार्यानुभवाचा तास ज्याचे तास कमी त्याच्या गळ्यात पडायचा, म्हणजे बहुधा माझ्याच. खडू तयार करणे, कागदाची फुलं, मेणबत्त्या... खरं सांगायचं तर पुष्कळदा तो तास मी इतिहासाचा भाग पुरा करण्यात घालवला आणि वर्षाअखेरी सगळ्यांना बरे गुण देऊन टाकले. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेच केलं. आज कबूल करायला काय हरकत आहे?

त्याच काळात पुणे जिल्ह्यात एक माणूस वेगळा प्रयोग करत होता. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, हिंदुस्थान लीव्हरमध्ये संशोधक. ते सगळं सोडून त्यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी पाबळला विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायची. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. एस.एस.सी. बोर्डाने त्याला मान्यताही दिली. मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे शिकवणारे बहुधा गावातलेच कारागीर असायचे, आणि मुलं जे बनवायची ते गावाच्या उपयोगी पडायचं. मुलाकडे पुण्याला गेलो असताना एकदा मी पाबळला जाऊन आलो. त्रिकोणांचे सांगाडे जोडून उभारलेले ते घुमट अजून डोळ्यांसमोर आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅबलॅब सुरू झाली. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राने ती कापून घ्यायची, अशी ही कार्यशाळा. जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅबलॅबपैकी ही एक, आणि ती आमच्या महाराष्ट्रातल्या एका खेड्यात! आज 'रोबोटिक्स' म्हणून जे चाललंय त्याची खरी आजी मला पाबळला दिसते.

आता संगणकाकडे वळू. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्यासाठी बीबीसी मायक्रो हे विलायती संगणक घेतले. ब्रिटनमध्ये १९८१ साली बीबीसीने दूरदर्शनवरून लोकांना संगणक शिकवायचं ठरवलं, त्या कार्यक्रमासाठी एकॉर्न कंपनीने बनवलेलं हे यंत्र. स्मृती अवघी बत्तीस केबी. आज मोबाईलवर येणारा सुप्रभातचा एक फोटो त्यात मावणार नाही! १९९०-९१ पर्यंत देशातल्या २५९८ शाळांना ही यंत्रं मिळाली. पुढे आठव्या पंचवार्षिक योजनेत ती केंद्र पुरस्कृत योजना झाली, आणि त्याच काळात या यंत्रांच्या वापरावर आणि शिकवण्याच्या पद्धतीवर टीकाही झाली. यंत्र शाळेत पोचलं, पण शिकवणाराला काही दिवसांच्या प्रशिक्षणावर सोडून दिलं, ही तीच तकलीची गोष्ट.

गंमत पाहा. १९९१ मध्ये पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर आमच्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. आणि त्या वर्षी यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आमची शकुंतला रेल्वे मँचेस्टरच्या कोळशाच्या इंजिनावर धावत होती. ती डिझेलवर आली १९९४ मध्ये. एकाच काळात महासंगणक आणि वाफेचं इंजिन, असा आमचा मुलूख.

आमच्या शाळेत संगणक आले ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. चार नग. मी तेव्हा पर्यवेक्षक. खोलीला रंग दिला, पडदे लावले, नवीन कुलूप आणलं आणि किल्ली माझ्या जानव्याला... म्हणजे जवळजवळ तशीच. चपला बाहेर. संगणकांवर कापडी आच्छादनं. दसऱ्याला हार आणि कुंकू. मुलांना आठवड्यातून एकदा रांगेत आत न्यायचं, हाताची घडी घालून उभं करायचं आणि लांबून सांगायचं, हा मॉनिटर, हा कीबोर्ड, हा माऊस. आकृती फळ्यावर काढून नावं लिहून घेतली, परीक्षेत विचारली. मुलांना पैकीच्या पैकी मार्क. माझी भीती एकच होती. काही बिघडलं तर साठा नोंदवहीवर सही माझी आहे, भरपाई माझ्या पगारातून होईल.

नववीत एक मुलगा होता. बाप गावात पंप आणि रेडिओ दुरुस्त करायचा. मुलगा अभ्यासात बेताचा. एकदा रांगेतून पुढे येऊन म्हणाला, "सर, तो माऊस अडकते. खाली बॉल हाये त्याच्यात, कापूस बसला असंल. मी खोलून साफ करू का?" मी त्याला दरडावून परत पाठवलं. दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत खोली झाडायला शिपायाने उघडली, तर हा पठ्ठ्या आत. माऊस उलटा करून, चकती फिरवून, रबरी गोळी काढून आतल्या चाकावरचा मळ नखाने खरवडत बसलेला. मी त्याच्या दोन कानशिलात दिल्या. बापाला बोलावून घेतलं आणि सर्वांसमोर बोललो. बाप हात जोडून उभा राहिला. त्या वर्षानंतर मुलगा शाळेत आला नाही. एकट्या त्या प्रसंगामुळे नसेल, घरची ओढाताण होतीच. पण मी स्वतःला एवढी सूट देऊन मोकळा होऊ शकत नाही.

माऊस मात्र तेव्हापासून झकास चालू लागला. हे मी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढे २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी आलं. सरकारने ते नोकरदारांना आवश्यक केलं, नाहीतर वेतनवाढ अडायची. पन्नाशी उलटलेला मी यवतमाळच्या एका सेंटरवर जाऊन बसलो. शिकवणारा मुलगा माझाच विद्यार्थी. माऊसचा बाण पडद्याबाहेर जाईल म्हणून मी टेबलाच्या कडेला हात थांबवायचो. तो हसला नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "सर, बिनधास्त करा. काही बिघडलं तर मी आहे ना." एवढंच वाक्य मी माझ्या मुलांना म्हणालो असतो तर! भारनियमनाचे ते दिवस, अर्धा वेळ अंधारात बसून काढला, पण पास झालो. आज हे जे टंकलेखन चाललंय ते त्या पोराच्या कृपेने.

डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल्स' योजना आली. आपल्या राज्यात ती पुढे 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने राबवली गेली. कंपनीने लॅब उभारायची, शिक्षक नेमायचा आणि पाच वर्षांनी सगळं शाळेच्या हवाली करायचं. करार संपला की यंत्रं शाळेची, पण ती चालवणारा शिक्षक घरी. हातात आलेली विद्या अशी वाऱ्यावर सोडायची आपली रीतच पडून गेली आहे. केरळने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू केलं तेव्हा वेगळी वाट धरली. शाळेत असलेल्याच शिक्षकांना शिकवलं आणि फुकट मिळणारी मुक्त सॉफ्टवेअर वापरली. २०१८ मध्ये मुलांचीच 'लिट्ल काइट्स' मंडळं काढली. त्या पायावर २०२५-२६ मध्ये त्यांनी दहावीच्या सव्वाचार लाखांहून अधिक मुलांसाठी रोबोटिक्स अभ्यासक्रमात आणलं. म्हणजे रोबोटच्या आधी जवळजवळ पंचवीस वर्षं शिक्षकांवर खर्च केली. गोष्ट एवढीच आहे.

आपल्याकडे आता दोन वाटांनी हे शिक्षण येतंय. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब, सहावी ते बारावीसाठी, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. त्यातले दहा लाख उभारणीला, उरलेले पाच वर्षांच्या खर्चाला. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार काढायचं जाहीर झालं. दुसरी वाट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची, त्यात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग सांगितलंय. त्याच टाळेबंदीच्या वर्षात 'तुमचं मूल कोडिंग शिकलं नाही तर मागे पडेल' अशा जाहिरातींचा असा मारा झाला की पुण्याची माझी सूनही घाबरली होती. मी तिला म्हटलं, अगं, त्याला आधी घरातला बंद पडलेला पंखा खोलू दे.

खरं तर कोडिंगची मूळ कल्पना घाबरवण्याची नव्हतीच. एमआयटीतल्या सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही भाषा केली. त्यात एक कासव असायचं, सुरुवातीला तर जमिनीवर खरोखर चालणारं यांत्रिक कासव. पुढे जा, उजवीकडे वळ, असं मूल सांगणार. चौकोन काढायला निघालं आणि वाकडाच झाला, तर चूक शोधायची. चूक म्हणजे नापास नव्हे, चूक म्हणजे पुढचं पाऊल. मला हे वाचून वाटलं, सूत तुटलं की जोडायचं, यापेक्षा हे वेगळं काय आहे? वर्ध्याचा विचार, पाबळचा विचार आणि पॅपर्टसाहेबांचा विचार हे सख्खे भाऊ आहेत. फक्त आपण दर वेळी विचार बाहेर ठेवला आणि वस्तू तेवढी आत घेऊन कुलूप लावलं.

तर आता २६ जानेवारीकडे परत येतो. त्या मुलीच्या सरांशी बोललो. तरुण विज्ञान शिक्षक, रात्री यूट्यूबवर पाहून स्वतः शिकतात आणि सकाळी मुलांना दाखवतात. मन भरून आलं. निघताना कोपऱ्यात आच्छादन घातलेली एक पेटी दिसली. विचारलं, तर म्हणाले, "थ्रीडी प्रिंटर. सात महिने झाले बंद पडून. नागपूरहून माणूस यायला हवा. उघडला आणि काही झालं तर..." वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. पुढचं मला पाठ होतं.

आठ दिवस विचार केला आणि मग स्टँडजवळच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. तोच मुलगा, आता चाळिशीचा, केस पांढरे व्हायला लागलेले. इतक्या वर्षांत नमस्कार व्हायचा, पण त्या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. मी म्हटलं, "मी तुला त्या दिवशी मारलं ते चुकलं माझं." तो तांब्याची तार गुंडाळत होता, हात थांबला नाही. म्हणाला, "जाऊ द्या ना सर. किती वर्स झाले त्याले." त्याला आठवत होतं, हे मला कळलं. मग प्रिंटरचं सांगितलं, मुख्याध्यापकांना मी विचारून ठेवल्याचंही सांगितलं. "मी ते यंत्र कधी पाह्यलं नाई सर," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "शनिवारी दुकान बंद करून येतो."

तो आला. पेटीचे स्क्रू काढले. दहा-बारा मुलं भोवती गोळा झाली, ती गाडीवाली मुलगी सगळ्यांत पुढे. प्लास्टिकचा धागा ज्या टोकातून वितळून येतो ते टोक चोंदलं होतं, हे त्याला तासाभरात सापडलं, पण एक तारही जळाली होती. प्रिंटर त्या दिवशी सुरू झाला नाही, अजूनही झालेला नाही. नागपूरहून सुटा भाग मागवलाय. पण मुलांनी तो आतून पाहिला, प्रत्येकाने एकेक स्क्रू हातात घेतला, कोणता कुठला ते वहीत काढून ठेवलं. मी मागे खुर्चीवर बसलो होतो. एका पोराने पट्टा ओढून पाहिला तेव्हा जुनं वाक्य माझ्या ओठांवर आलंच होतं. गिळलं.

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. झरी-जामणीच्या कोलाम पोडापासून पुसद-उमरखेडपर्यंत प्रत्येक बाजारगावात असा एक तरी रिवाइंडिंगवाला, पंपवाला, मोबाईल दुरुस्तीवाला आहे. सरकार पन्नास हजार प्रयोगशाळा काढेल, काढो. त्यांच्या खर्चात या माणसांच्या महिन्याच्या दोन शनिवारांचं मानधन धरलं, आणि मोडतोड होणारच असं आधीच लिहून शिक्षकाच्या डोक्यावरची भरपाईची तलवार काढली, तर बरंच काही होईल असं या म्हाताऱ्याला वाटतं. तुमच्यापैकी जे शाळेत शिकवतात त्यांनी एकदा आपल्या कपाटांची कुलुपं पाहावीत, एवढीच विनंती.

सुटा भाग आला की कळवीनच.